मामांच्या अक्षरातलं पत्र

मिरज,
३ जुलै १९९४

ति. जालिंदरमामांस,
दीपमालाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. दवाखान्यातल्या बायकांवरचा माझा पुरवणीतला लेख तुम्ही वडूजच्या कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींना वाचून दाखवलात म्हणे. पुढच्या वेळी तालुकाभर दवंडीच पिटवा, म्हणजे कोणी सुटायला नको.

आता खरी बातमी. सहा वेळा ‘साभार परत’ आल्यावर सांगलीच्या एका दिवाळी अंकानं माझी कथा घेतली. पण संपादक म्हणतात, शेवट ढिला आहे, पंधरा ऑगस्टपर्यंत नवा पाठवा. लिहायला मला तुम्ही शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते, शेवट सुचतो कसा? नक्कल करून झाली की कथा तुमच्याकडे धाडते.

आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तीन वर्षांत तिनं मला एक ओळ पाठवलेली नाही, तेव्हा मला त्याचं काही नाही.

तुमचा हात माझ्या पाठीवर असू द्यावा.
तुमची दीपमाला

*

वडूज,
९ जुलै १९९४

चि. दीपमाला हिस,
मामाचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र वाचून मी आज तीन गिऱ्हाइकांना बसवून ठेवलं. आपल्या घरातलं माणूस दिवाळी अंकात, ही काय लहान गोष्ट झाली?

अर्ज लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली, तेवढ्या भांडवलावर सांगतो. कुणाला काय हवंय आणि ते कशापायी अडलंय, हे पहिल्या पानात आलं पाहिजे. पहिला परिच्छेद बहुतेक घसा खाकरण्यात जातो, तो काढून टाक. कागदाच्या एकाच बाजूला लिही, समास मोठा सोड, नक्कल जवळ ठेव. आणि मोठ्यानं वाच. अंगठा उठवायच्या आधी मी अर्ज माणसाला वाचून दाखवतो, तसं. सगळ्यात मोठं म्हणजे घडलेलं गोड करू नकोस. साखर घातलेला अर्ज साहेबाला लगेच कळतो.

अक्का बरी आहे. तुझं नाव काढलं की उठून पाणी भरायला जाते. तुम्हा मायलेकींचा ताठा सारखाच.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
जालिंदर

*

वडूज,
२४ जुलै १९९४

चि. दीपमाला हिस अनेक आशीर्वाद.

कथा मिळाली. दोनदा वाचली. भाषा चांगली उतरली आहे.

एक मात्र खटकलं. नायिका सासरचा जाच आईला कळवते आणि आईचं उत्तर येतं, ‘थोडं सोस, इतक्यात येऊ नको.’ ही आई फार कठोर झाली आहे गं. आपल्याकडची आई असं सांगेल का? वाचकांना पटायचं नाही. त्यापेक्षा नदीला पूर आला आणि पत्र पोचलंच नाही, असं केलंस तर? दोष कुणाचाच राहणार नाही आणि तुझा शेवटही सुटेल. संपादक खूश होतील.

माझं ऐक. थोरपणानं सांगतोय असं समज.
जालिंदर

*

मिरज,
३० जुलै १९९४

ति. मामांस,
सविनय जय भीम.

तीन आठवड्यांपूर्वी गोड करू नकोस म्हणालात, आणि आता पूर आणायला सांगता? मामा, मला तुमचा राग आलाय.

ते पत्र मी मनानं रचलेलं नाही. सप्टेंबर ९१ मध्ये तासगावला सासरी मला ते आलं, तुमच्याच अक्षरात. आईनं सांगितलं, तुम्ही लिहिलंत. तुमचा त्यात काय दोष? पण त्या दोन ओळींमुळे मी आणखी सात महिने तिथं राहिले. एप्रिलात, बेदाण्याच्या शेडमध्ये, दहा-बारा बायकांसमोर नवऱ्यानं कानशिलात मारली. माझा उजवा कान त्या दिवसापासून बंद आहे. तुम्हाला हे कधी लिहिलं नव्हतं. मिरजेला कान दाखवायला आले ती परत गेलेच नाही, आणि त्याच दवाखान्यात कामाला लागले; तुम्हाला फक्त नोकरीचं माहीत.

आईचं नाव बदललंय, गाव बदललंय. पत्र बदलणार नाही. शेवट मला सुचला आहे. मुलगी ते पत्र फाडते आणि आईचं तोंड पुन्हा कधी बघत नाही. मीही तेच ठरवलंय.

रागावून लिहिलंय, तरी तुमची माया कमी होऊ देऊ नका.
दीपमाला

*

वडूज,
७ ऑगस्ट १९९४

चि. दीपमाला,

तुला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

ते पत्र अक्काचं नव्हतं. माझं होतं. ती बोलली ते निराळंच होतं. तेव्हा आम्रपालीची सोयरीक ठरत होती. भाची सासर सोडून घरी बसली तर माझ्या मुलीचं मोडेल, ही भीती मनात शिरली. माझ्याकडे येणारी माणसं रडून, शिव्या देऊन बोलतात आणि मी त्याचं ‘कामाचं’ लिहितो. तेच मी सख्ख्या बहिणीच्या बाबतीत केलं. पत्र संपल्यावर रीतीप्रमाणे वाचूनही दाखवलं. वाचलं ते तिचं, कागदावर होतं ते माझं. वाटलं, महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. त्याची किंमत तू कानानं मोजलीस, हे तुझ्या पत्रात वाचलं. मी फार वाईट केलं, दीपमाला.

आज सकाळी अक्काला तुझी कथा वाचून दाखवली, एक अक्षर न गाळता. पत्राशी आलो तेव्हा तिनं थांबवलं. मग मी सगळं सांगितलं, कानाचं आणि तू ठरवलेल्या शेवटाचंही. तिनं मला तोंडभर सुनावलं. नंतर म्हणाली, कागद घे, मी सांगते तसंच लिही. शेजारच्या शालूबाई बालवाडी चालवतात, त्यांना तिनं बोलावून बसवलंय. वाचून त्या दाखवणार आहेत. माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि नसावाच. पुढचं तिचं आहे.

‘दीपे, म्या तवा सांगितलं हुतं, हाय तशी निगून ये, अंगावरच्या कापडानिशी ये, लोकांचं मी बगती. तीन दिस श्टँडवर बसले. तासगावकडनं गाडी आली की उटायची. तू आली न्हाईस. मला वाटलं, लेकीला आईच्या घराची लाज वाटती. म्हनून मीबी गप ऱ्हायले. ती चूक माजी. मी माज्या पायानं याला पायजे हुतं.

जालिंदरला लय बोललीया. जेवला न्हाई त्यो. तुला काय बोलायचं ते बोल त्याला, मी मदी पडनार न्हाई.

गोष्ट छाप. पत्र हाय तसंच ऱ्हाऊ दे, तुला त्येच आलं हुतं न्हवं. पन पोरीनं ते फाडलं की म्होरं लिव, आई तिकडं श्टँडवर बसली हुती.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतीया. आता कुनाच्या हातनं सांगावा न्हाई. तुला ऐकू याला पायजे, म्हनून डाव्या अंगाला बसंन.’

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मुक्ताबाई.
वाचून दाखवलं, शालूबाई.