देवडीच्या खुर्च्या आणि नवमीचे कुंचले

आश्विन शु. १, शके १८७२. मानवत.

घट बसले. बायको, पारू, नऊ दिवस उपाशी आणि अनवाणी. मी पोटभर, आणि कामात.

देवडीचं, म्हणजे जागीरदारांच्या वाड्याचं, सामान दोन गाड्यांतून आलं. जागीरदार हैदराबादेला गेले ते गेलेच. बागेतलं, बैठकीतलं सगळं आता नव्या वाचनालयाचं. वेतानं विणलेल्या लाकडी खुर्च्या बावीस, ओतीव लोखंडी बाक चार, लंगडं मेज एक, कारंज्यावरचा चुनेगच्ची मोर एक. चोच नाही.

विठोबा सुतार कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "नामा, दसऱ्याच्या आधीच होळीचं सरपण आणलंस की!"

सेक्रेटरी बाबूराव वकील साफ बोलले. दसऱ्याला उद्घाटन. त्या दिवशी पाहुणे याच खुर्च्यांवर धड बसले, कपडे न फाडता उठले, तर वाचनालयाखालचा रस्त्याकडचा गाळा मला दुकानाला. नाही तर नवं फर्निचर विठोबा करणार, आणि गाळाही त्याचाच. आम्ही दोघांनी माना हलवल्या. आजवर माझं दुकान म्हणजे खांद्यावरची पिशवी. पोळ्याला शिंगं रंगवा, लग्नाला टांगे, मधेच एखादी पाटी.

ताडकळसहून दादाचा निरोप: "पुरं झालं शहाणपण. मेंढरामागं माणूस न्हाई, ये." मेंढरांवर माझा राग नाही. पण हातात काठी धरून त्या वाटेनं परत जायचं म्हणजे

असो.

शु. २

खुर्च्या वाजवल्या. बोटाच्या पेरानं, एकेक पाय, एकेक हात. धड लाकूड टण्ण बोलतं. वाळवीचं फुगलेल्या भाकरीसारखं. वीस बोलल्या, दोन मुक्या. मुक्या मोडल्या, धड निघालेले तुकडे बाकीच्यांना.

विठोबा समोरच्या ओट्यावरून बघत होता. तो वाजवत नाही, अंगठ्यानं दाबून बघतो. त्याचंही चुकत नाही. चांगला सुतार आहे. त्याच्या तोंडावर म्हणणार नाही.

सोडा-चुन्याच्या पाण्यानं जुना रंग सुटला. वर हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली तांबडा. तीन पिढ्यांची हौस दोन बादल्यांत.

शु. ४

रंग कोणता, यावर कमिटी बसली. मला बोलावणं नव्हतं. मी बाहेर बाक घासत होतो, खिडकी उघडी होती. खिडकी त्यांची, कान माझे.

एक म्हणे भगवा. दुसरे म्हणे पांढरा, स्वच्छ दिसतो. तिसरे आडतवाले: "काहीबी लावा, हिरवा तेवढा नको. जुन्या राजवटीचा रंग हाय तो."

माझ्याकडे माल काय? हिरव्याचे तीन डबे. बाकी शून्य.

लाकडाची एक ढलपी रंगवून आत गेलो. म्हटलं, "उद्घाटन दसऱ्याचं, म्हणून आपट्याच्या पानाचा रंग काढलाय. बघा पसंत पडतो का."

आडतवाल्यांनी ढलपी उजेडाला धरली. दोन्हीकडून बघितली. म्हणाले, "हा चालंल. हा निराळा हाय."

पिवळ्याचे चार थेंब घातले होते. खोटं कशाला बोला.

शु. ५

बाक झाले. गंज गेला, रंगाचा पहिला हात बसला, आणि पाठीवर द्राक्षाची वेल उघडी पडली! घडांसकट. इतकी वर्षं रंगावर रंग थापून बुजली होती, कुणाला माहीतही नव्हती. बाजाराची माणसं थांबून बोटं फिरवायलेत. एक म्हातारी म्हणाली, "बाई, लोखंडाला फळ धरलं."

मोराला चुना आणि तागाची चोच केली. पारूनं बघितली. "राघू झालाय." फोडली. पुन्हा केली. पारू काही बोलली नाही, म्हणजे मोर.

शु. ७

आभाळ भरलेलं, हवा ओली. जवसाचं तेल उकळून घातलंय, तरी खुर्च्यांचा पहिला हात वाळायला दोन दिवस खाणार. हिशेब असा: दुसरा, म्हणजे शेवटचा, हात नवमीला सकाळी, उद्घाटन दशमीला दुपारी. कसंबसं बसतंय.

विठोबा आला, ओल्या खुर्चीला बोट लावलं. "पाव्हण्यांच्या धोतरावर सगळी खुर्ची उमटंल, नामा!" ते हिरवं बोट उभं धरून सबंध बाजारात फिरला. हसले लोक. मीही हसलो. बोट उद्या धुतलं जाईल, पण गोष्ट बाजारात राहील.

शु. ९. खंडेनवमी.

आजचं सविस्तर लिहितो.

सकाळी अंघोळ करून कुंचले घ्यायला गेलो तर कोनाडा रिकामा.

"कुंचले कुठं गेले?"

"पूजेत."

पाटावर माझे अकरा कुंचले ओळीनं निजवलेले. खरवडायची पाती, डबा उघडायचा खिळा, रंग ढवळायची काठीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू.

"पारू, आज शेवटचा हात द्यायचाय."

"आज? नवमीला हत्यार उचलायलाव? डोकं ठिकाणावर हाय का?"

चूक माझीच. नऊ वर्षं परभणीला रंगारी उस्तादांच्या हाताखाली होतो. त्यांच्याकडे नवमी काय नि अष्टमी काय, काम चालूच. पण ते कुंचले उस्तादांचे होते. हे माझे, याच साली घेतलेले. ज्याचं हत्यार त्याची नवमी. आमचा बाप या दिवशी लोकर कातरायच्या कातरीला शिवत नसे. मेंढरू काट्यात अडकलं तरी लोकर हातानं तोडून सोडवी. हे सगळं ठाऊक असून दिवस मोजताना एकदाही डोक्यात आलं नाही. नऊ दिवस मोजले, आणि त्यांतला एक माझा नव्हताच.

आवाज चढवला. म्हटलं, गाळा जाईल, मेंढरामागं जावं लागेल, मग पूज काठी! ती तशीच घटाला पाणी घालत होती. मी दारात बसलो.

मग म्हणाली, "तुमचे हात पुजलेत का मी?"

"काय?"

"हत्यार पूजेत हाय. हात न्हाई."

तिनं माझं जुनं मऊ धोतर फाडलं, बोळा केला, वाचनालयात माझ्याआधी पोचली. पदर खोचला. रंगात बोळा बुडवून पिळला आणि जमीन सारवतात तसा खुर्चीच्या हातावरून ओढला. एका दमात. "मागं फिरायचं न्हाई," म्हणाली, "फिरलं की वळ उठतो. सारवताना बघितलं न्हाई कदी?"

बघितलं होतं. रोज. शिकलो मात्र आज.

तिनं पहिली खुर्ची केली, मग दोघांनी मिळून एकोणीस. उपाशी बाई, दुपारपर्यंत हटली नाही. कुंचल्याच्या केसाची एक रेघ नाही कुठं. आणि हात इतका पातळ बसला की संध्याकाळीच बोट कोरडं! कुंचल्यानं जाड थापला असता तर उद्या विठोबाचंच खरं झालं असतं.

पारू म्हणते, देवीनं केलं. मी वाद घातला नाही.

शु. १०. दसरा.

झालं! झालं!! झालं!!!

परभणीहून मोठे अंमलदार आले. पांढरी विजार, पांढरा लांब कोट, डाग शोधायला असेच कपडे हवेत. मधल्या खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली नाही. मी भिंतीला टेकून कान देऊन उभा होतो.

भाषणं तीन. वकीलसाहेबांचं लांबलं. ऊन खुर्च्यांवर आलेलं. ऊन लागलं की रंग नरम पडतो.

मग साहेब सरस्वतीच्या तसबिरीला हार घालायला उठले. आमच्याकडे पाठ. सगळ्या सभेनं सरस्वती सोडून साहेबांची पाठ बघितली. विठोबा तर मान तिरकी करून, खालीवर.

पांढरी. वरपासून खालपर्यंत पांढरी.

मागून कोणीतरी "वा!" म्हणालं. साहेबांना वाटलं, हाराला.

अंगणात बाकांवर जागा मिळेना. मोराभोवती बायकांची गर्दी. जाताना साहेबांनी विचारलं, "हे सामान मुंबईहून आणलंत का?" बाबूराव म्हणाले, "नाही, आपलंच आहे. जुनंच." मग माझ्याकडे बघितलं आणि एवढंच बोलले, "हा नामदेव." पुरे झालं.

विठोबानं आपट्याचं पान दिलं. "सोनं घे. बोट धुतलंय मी."

शु. ११

गाळा अजून मिळाला नाही. कमिटीत दोन मतं. आडतवाले म्हणतात, विठोबा गावचा, जुना, नामदेव कालपरवाचा. बाबूराव म्हणतात, शब्द म्हणजे शब्द. निकाल पौर्णिमेनंतर.

पण सकाळपासून माणसं यायलेत. डॉक्टरांच्या दोन खुर्च्या, शाळेचं एक बाक, पेठेतल्या सासूबाईंचा पाळणा, कोणाचे तरी देव्हाऱ्याचे खांब. माझी खोली केवढी! म्हणून सगळं गाळ्याच्या बंद दारासमोर मांडलं. सगळ्यात शेवटी विठोबा, डोक्यावर आईच्या बाजेची चौकट. "पाय नवे मी बसवलेत. रंग तेवढा तू लाव. नाही, तू नको. वहिनीला लावायला सांग."

दहाला बाबूराव वाचनालय उघडायला आले. पाळणा आणि बाज यांच्यामधून आडवे होऊन जिन्यापर्यंत पोचले.

"नामदेवा, हे उचल इथून. वाट अडलीय."

म्हटलं, "उचलतो साहेब. कुठं ठेवू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाळ्याच्या कुलुपाकडे बघितलं, आणि जिना चढायला लागले. चार पायऱ्या. मग पाय थांबले. वाचनालयाची किल्ली हातातच होती, तरी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला. एकेक किल्ली सरकवल्यासारखा.

अजून वाजतोय.