बाबांच्या पाळीचा पूल

दि. १९, दुपार

प्रिय ताई,

पाया पडते वगैरे समजून घे. तीन आठवडे रोज कागद काढते आणि रोज काहीतरी निघतं. परवा बुटाचा तळ सुटला. मोची शोधला, तर तो इतका गप्पिष्ट की बूट राहिला बाजूला. पण बूट निमित्त गं. हिंमत होत नव्हती, आणि हे फोनवर सांगवेना.

खोली बरी आहे. एक खाट, एक खिडकी, खिडकीत घरमालकीणबाईंचं मांजर. खाली नदी. बाबांच्या तुकडीनं लढाईत लोखंडी पूल टाकला तो इथेच. आता तिथे सिमेंटचा आहे.

आईच्या ट्रंकेतला बाबांचा तो फौजेतला फोटो दाखवत आठ दिवस फिरले. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानात एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. तेव्हा तो फौजेचा दुभाष्या होता, आपली भाषा अजून मोडकीतोडकी बोलतो.

"हा तर पाना! तुझा बाप?"

बाबांना सगळे 'पाना' म्हणायचे, कल्पना कर!

"नाक त्याचंच आहे पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यांच्या तुकडीत म्हणे एक रीत होती. ज्यानं बोल्ट आवळले, त्यानं पहिला ट्रक जाताना पुलाखाली उभं राहायचं. मग कामात कुचराई करायची कुणाची छाती होते? बाबा प्रत्येक पुलाखाली उभे राहिले. इथला सोडून.

इथे त्यांच्याऐवजी त्यांचा जोडीदार उभा होता. तुळई घसरली. तो जागीच गेला.

थांब, चहा टाकते.

प्यायले. लिहिते.

त्या सकाळी बाबांना घरचं पत्र आलं होतं. जोडीदार म्हणाला, "तू वाच निवांत, मी उभा राहतो." पत्र तुझ्या जन्माचं होतं, ताई.

तुझा वाढदिवस जवळ आला की बाबा घरातून निघून जायचे. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतात, असं तू धरून बसलीस. सहा वर्षं त्यांच्याशी बोलली नाहीस. मीही तुझीच री ओढली. आता भलतंच मनात घेऊ नकोस, तू तेव्हा पंधरा दिवसांची होतीस.

कळलं त्याच दिवशी मी आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीतच आहे. फोन बाबांच्या हातात कधी गेला कळलंच नाही. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले आणि ठेवला. तरी लिहितेय. तू ठरव मी चुकले का ते. मला तर

घरमालकीणबाई खालून हाका मारतायत.

ताई, बाबा आलेत! परत या देशात पाय ठेवणार नाही म्हणणारा माणूस पिशवी घेऊन जिन्यात उभा. धाप लागलेली, दाढी वाढलेली. हे पत्र मी लपवायला गेले, त्यांनी पाहिलं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटलं, फाडणार.

"टाक पेटीत," म्हणाले. "मला तोंडानं जमायचं नाही. फक्त तिला एवढं लिही, की पत्र एकदा वाचून झालं होतं. धावलो असतो तर वेळेवर पोचलो असतो. मी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं."

लिहिलं. ते खाटेवर बसलेत, बूटही काढलेले नाहीत. आम्ही दोघं तुझ्या उत्तराची वाट बघतोय.

तुझी,
भिंगरी