सयाजीरावांचे साबण आणि भैरोबाचा कौल

शिरवळ,
घटस्थापना, १९७६

सयाजीराव मेहुणे यांस, दाजी लालासाहेब यांचा कुवेतपर्यंत पोचेल एवढा मोठा रामराम.

तुमची प्रकृती त्या उन्हात कशी आहे ते कळवावे. इकडे तुमची बहीण राहीबाई, आमच्या मातोश्री मनुबाई आणि मी (पलटणीतून सुटलेला हवालदार, सध्या बिनपगारी हुकूम ऐकणारा) धडधाकट आहोत. तुम्ही खंडाळ्याच्या माणसाबरोबर धाडलेले जैतुनाच्या तेलाचे साबण पोचले. त्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे पत्र संपेपर्यंत माझ्याने ठरणार नाही.

साबण दोन जातींचे निघाले, एक पांढरा आणि एक हिरवा. तुमचा निरोप असा होता की एक अंगाला लावायचा आणि दुसरा घरधुणीचा. पण कोणता कशाला, हे तो भला माणूस पुण्याला गाडी बदलताना विसरला. (माणूस तीन देशांतून सामान सांभाळून आणतो आणि निरोप स्वारगेटवर टाकून येतो.) त्यात दिवस घटाच्या आधीचे. आपल्याकडे घट बसायच्या अगोदर घरातली गोधडीन् गोधडी, देवाची भांडी, उतरंडीची मडकी सगळं धुऊन निघतं हे तुम्हाला माहीत आहेच. राहीबाईच्या मनात यंदा ही धुणी भावाच्या साबणाने करायची होती. मातोश्रींनी मात्र साबण हातातसुद्धा न घेता विचारलं, "ज्या झाडाचं पान कुनी बगितलं न्हाई, त्याचं त्याल द्येवाच्या भांड्याला कसं चालंल रं? चरबी नसंल कशावरनं?" मी सांगितलं, जैतून हे फळ आहे, तिकडे लोक त्याचं तेल खातात. त्यावर त्या म्हणाल्या, खायचं तेल फरशीला फासणाऱ्या मुलखाचं तर बघायलाच नको. यावर राहीबाई चुलीपुढून उठली. "माज्या भावाचा साबन उंबऱ्याभाईर, तर मीबी उंबऱ्याभाईर. माधवनगरला जाते." सयाजीराव, ती हे ओरडून म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. ती हळू बोलली आणि खुंटीवरची पिशवी काढली. ऐन घटाला घरची सून माहेरी गेली, तर गावाला तोंड कसं दाखवायचं, सांगा. आणि गावाचं सोडा, तिच्याशिवाय मला घरात करमत नाही, हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

पलटणीत असा पेच पडला की वर विचारायचं. म्हणून मी भैरोबाला कौल लावायचं ठरवलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर पांढरा साबण घरधुणीचा, डावं पडलं तर हिरवा, आणि एकही पडलं नाही तर दोन्ही साबण उंबऱ्याबाहेर. ही शेवटची अट मातोश्रींची. दोघी कबूल झाल्या. मी आदल्या दिवशी जोतीराम गुरवाकडे दोन्ही साबणांचा एकेक तुकडा देऊन आलो, कारण ज्या वस्तूचा निवाडा करायचा ती देवापुढे ठेवावी, असं मला वाटलं. तिथेच माझी अक्कल संपली.

सकाळी आम्ही तिघे देवळात गेलो. राहीबाई पिशवी भरूनच आली होती. (मी ती धरायला गेलो तर दिली नाही.) जोतीरामाने गाऱ्हाणं घातलं, उजव्या खांद्याला फूल लावलं, ते सर्रकन खाली. डाव्याला लावलं, तेही खाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. फुलं ठरेचनात. मातोश्रींचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी हात जोडून विचारलं, "द्येवा, कोपलास व्हय?" तेव्हा जोतीराम खाली मान घालून बोलला. तुकडे देवासाठीच आले असं समजून त्याने पहाटे भैरोबाला त्याच तुकड्यांनी अंघोळ घातली होती. आणि देवाकडून भेदभाव नको म्हणून उजव्या अंगाला पांढरा, डाव्या अंगाला हिरवा. विसळायला पाणी थोडं कमी पडलं, एवढंच. (बिचाऱ्याने दोन्हींची तारीफ केली.)

मातोश्री सभामंडपात खाली बसल्या. मग राहीबाईच्या हातातली पिशवी ओढून घेत म्हणाल्या, "द्येव न्हाला त्या साबनानं. आता म्या कोन बोलनार? चल घरी." राहीबाई तिथेच रडली आणि मलाही नाकाला रुमाल लावावा लागला. कोणता साबण घरधुणीचा हे भैरोबाने सांगितलं नाही, पण घर टिकलं. परवा सगळ्या गोधड्या नीरेवर धुऊन आणल्या, भांडी लखलखीत झाली, आज पहिली माळ चढली. मातोश्री आळीत सांगत फिरतात की आमच्या सुनेच्या भावाचा साबण देवाला चालतो.

कळावे, लोभ असावा.

तुमचे दाजी,
लालासाहेब

ता. क. कोणता साबण कशाचा ते उलट टपाली कळवावे. घाई नाही. कारण गोधड्या रिठ्याने धुतल्या आणि भांडी चिंच-राखेने घासली. देवळातून आल्यावर राहीबाईने दोन्ही साबण लुगड्यांच्या घडीत ठेवून ट्रंकेला कुलूप घातलं. संपले तर पुन्हा कधी येतील, म्हणते.

दुसरा ता. क. खरं तर तिने मला एकच ओळ लिहायला बसवलं होतं, ती राहिलीच. दोन भाऊबिजा तिने चंद्राला ओवाळून काढल्या. यंदा रजा काढून या. मी म्हटलं, नोकरीचा माणूस, जमेल न जमेल, त्याने एवढे साबण तर धाडलेत. तर म्हणाली, "मग साबनाला ववाळू व्हय मी?" याचं उत्तर तुम्हीच येऊन द्या.