कारखान्यातून झिजून आलेली गिटार

आप्पा, मी गिटार घेतली. तुमच्याकडे होती तशीच, विजेवर वाजणारी, फिकट पिवळी, पुढे दोन शिंगं असलेली. ऐकून तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल, पण ही दिसते जुनी आणि आहे नवी कोरी. कारखान्यानेच तिला जुनी करून पाठवली आहे. रंग मुद्दाम खरवडलेला, कडा घासलेल्या, स्क्रूंवरचा गंजसुद्धा तिथेच चढवलेला. जुन्या गिटारींचं वेड असलेल्या लोकांसाठी हल्ली अशा बनवतात म्हणे. तुमचा सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेला. झिजलेला पट्टा बदला, झिजलेला धोटा बदला, आणि झिजलाच कसा म्हणून मालकाची बोलणी खा. आणि आता झीज विकायला ठेवलेली असते, तीही नव्यापेक्षा महाग. पुण्यातल्या त्या दुकानात मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले, कारण ही गंमत ज्याला सांगावी तो माणूसच नव्हता. येताना एसटी टेंभुर्णीला थांबली, सगळे चहाला उतरले, मी उतरले नाही. तिला सीटवर एकटी ठेवायला मन होईना.

घरी आणल्यावर आईने चष्मा लावून तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी सडके टोमॅटो निवडून आणलेत. "आगं, ही वापरलेली हाय की! फसीवलं तुला. उद्याच्या उद्या परत करून ये." मी समजावलं, की ही अशीच असते, मुद्दाम घासलेली असते. तिला ते काही केल्या पटेना. "मुद्दाम घासायला काय तवा हाय व्हय?" असं म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने पीठ लागलेल्या हातानेच परत आली आणि जिथला रंग उडवून आतलं लाकूड दाखवलंय, तिथे बोट टेकवून म्हणाली, "तुज्या आप्पांचा हात हितं न्हवता. तितं खाली होता, बटनांपाशी. मग ह्यो हात कुणाचा?" आप्पा, दुकानात एवढा वेळ घालवून माझ्या जे लक्षात आलं नाही ते तिने एका नजरेत ओळखलं. कारखान्याने ही गिटार उजव्या हाताच्या माणसासाठी झिजवली आहे. तुम्ही डावरे. डावऱ्यांची गिटार सोलापुरात कुठून मिळणार, म्हणून उजव्यांचीच उलटी धरून, तारा उलट्या लावून तुम्ही आयुष्यभर वाजवलीत. त्यामुळे बटणांची बाजू वर यायची, तुमचा हात तिच्यावर घासायचा, आणि ऐन गाण्यात कोपर लागून आवाज बारीक व्हायचा. मग ऑर्केस्ट्रातला गायक मान वळवून तुमच्याकडे डोळे वटारायचा आणि तुम्ही ढिम्म, आपला दोष नसल्यासारखे.

तुम्ही मला शिकवायचात ते मला अजून नीट दिसतं. कारखान्याला सुट्टी आहे, शेजारचे माग बंद आहेत, आणि त्या शांततेची सवय नसल्याने गल्ली उगीचच मोठ्याने बोलते आहे. आई भाकरी थापते आहे. तुम्ही बाजेवर बसला आहात, मी समोर पाटावर, मांडीवर तुम्ही कुणाकडून तरी मागून आणलेली लाकडी साधी गिटार. तुमचा उजवा हात तारा दाबतो, माझा डावा. तुम्ही ज्या अंगाला सरकता त्याच अंगाला मीही सरकते. आरशात बघून वेणी घालावी तसं ते सोपं होतं, आणि सगळ्यांचं शिकणं असंच असतं अशी माझी समजूत होती. पुढे कॉलेजात गेल्या गेल्या, तुम्ही असतानाच, एका मुलाने समोर बसून गिटारवर काही दाखवायचा प्रयत्न केला तेव्हा माझे हात गोंधळले, सगळं उलटं दिसायला लागलं. मी डोकं दुखतंय म्हणून उठून आले. एकदा तुम्ही माझ्यावर चिडला होतात तेही आठवतं. मी खाली मान घालून आपलीच बोटं बघत होते. तुम्ही माझ्या पाटावर टिचकी मारलीत, "तुजी बोटं काय पळून चाललीत व्हय? माज्याकडं बघ की." आवाज चढला तशी आई चुलीपुढून म्हणाली, "पोरीला वरडू नका, भाकरी व्हायच्यात." आणि तुम्ही हसलात.

तुम्ही गेल्यावर तेरावं झालं आणि तुमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचे मालक गिटार घेऊन गेले. त्यांचं काही चुकलं नाही, गिटार पार्टीचीच होती. आपल्या घरात होती म्हणून आम्हाला ती आपली वाटायची एवढंच. त्यांनी चहाही घेतला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दारात उभी राहून मी बघत होते, त्यांनी ती रिक्षात आडवी ठेवली आणि रिक्षा वळली. त्यानंतर मी कधी तारेला हात लावला नाही. नोकरी केली, संसार केला, मुलगी परगावी गेली, आईला माझ्याकडे आणली. आणि आता केस पांढरे झाल्यावर तुमच्या आवाजाची अशी भूक लागली की काय सांगू. गळ्याचा आवाज नव्हे, गिटारचा. तोच तुमचा आवाज होता, एरवी तुम्ही बोलायचात कुठे?

म्हणून मी या नव्या गिटारला सुधारत सुटले. ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करणारे चाचा तुम्हाला आठवतील, अजून आहेत, ऐकू मात्र कमी येतं असं त्यांची सून म्हणते. गिटारचं सगळं ऐकू येतं त्यांना. आधी त्यांच्याकडून खुंट्या बदलून घेतल्या, कारण मूळच्या सुरात राहत नव्हत्या. मग तारांच्या टोकाशी असते ती प्लॅस्टिकची पट्टी काढून हाडाची बसवली. मग तारांखालची चुंबकं काढून जुन्या पद्धतीची, गुंडाळी हाताने केलेली मागवली. दर वेळी आवाज सुधारला. भरीव झाला, गोड झाला, आणि दर वेळी तो तुमचा नव्हता. मी आतल्या वायरी बदलायचं काढलं तेव्हा चाचांनी हातातला डाग द्यायचा कावीया खाली ठेवला. म्हणाले, "बेटी, बाजा अच्छाच हो गया. पन तेरे बाप का नै होता. सब बदल दी, अब क्या हाथ बदलेगी?" मी रागावून गिटार उचलली आणि निघून आले. राग चाचांचा नव्हता. ते खरं बोलले याचा होता.

त्या रागातच रविवारी दुपारी मी लोखंडी कपाटासमोर बसून तारा चढवत होते. शेवटची तार ताणली आणि सहज मान वर केली, तर कपाटाच्या आरशात एक डावरी गिटार होती. खरी डावरी, आप्पा. उलटी धरलेली नव्हे. बटणं खाली, जिथे असायला हवीत तिथे, कुणाचं कोपर लागणार नाही अशी. आणि रंग उडाला होता तो बरोबर डाव्या हाताखाली. तुम्हाला जन्मात मिळाली नाही ती गिटार आरशात होती आणि ती तुम्ही वर्षानुवर्षं वाजवून झिजवलेली दिसत होती. मी आईला हाक मारली. ती दारात आली, तिने आरशाकडे बघितलं. पदराने उगीचच कपाटाचं हँडल पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "शेवटाला लई वाळली हुती बोटं त्यांची," आणि गेली.

भिंतीवरच्या फोटोत तुमचा चेहरा आहे, कारखान्याच्या पासवरून मोठा केलेला, तेवढाच. पार्टीच्या फोटोंत तुम्ही मागच्या रांगेत, पुढच्या माणसाआड. तुमचे हात कुठल्याच फोटोत नाहीत. म्हणून आता मी उंच स्टूल घेऊन बसते, म्हणजे माझं डोकं आरशाच्या वर जातं आणि खाली नुसते हात आणि गिटार उरते. दार लोटून घेते. आई शेजारणीला सांगते, पोरीचा रियाज चाललाय. आत आवाज कसा नाही हे तिने अजून विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी वाजवत नाही, आप्पा. वाजवलं की हात माझे होतात. मी नुसती बोटं तारांवर ठेवून बसते आणि तुम्ही सुरू करायची वाट बघते.