हनान आणि म्युनिकचा धडा

शारजा, १८ मार्च २००३

तीर्थरूप अण्णांना मंजूचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. लढाईच्या बातम्यांनी घाबरू नका, इथे शाळा, ऑफिस सगळं चालू आहे. तुमच्या जावयाने, सुजीतने, पाण्याचे कॅन जास्त भरून ठेवलेत, इतकंच. आईची शुगर कशी आहे?

आज ऑफिसात टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांचं भाषण पाहिलं. सद्दामने अठ्ठेचाळीस तासांत इराक सोडावं, नाहीतर हल्ला करू, असं. गेल्या शतकात काहींनी हुकूमशहांना चुचकारलं आणि महायुद्ध ओढवलं, असं ते म्हणाले. तुम्ही दहावीला शिकवायचात तोच म्युनिकचा धडा, हिटलरला खूश ठेवायला केलेल्या कराराचा. मी नकळत मान डोलावली.

शेजारी अकाउंट्समधली हनान बसली होती. ती बगदादची. म्हणाली, "यांना ती जुनी लढाई आठवते. एक्याण्णवची, आमच्यावर बॉम्ब टाकले ती, नाही आठवत? माझा भाऊ गेला तेव्हा."

मग ती बगदादला आईला फोन लावत राहिली. लागला नाही. मला रडूही आलं नाही, अण्णा. तिला चहा दिला आणि कामाला लागले.

निघताना ती म्हणाली, "तुझे वडील इतिहासाचे मास्तर ना? त्यांना विचार, माझ्या आईने घर सोडावं की थांबावं?"

मी बरं म्हटलं. म्हणून विचारते.

तुमची,
मंजू