बैठं माप

हिंगोली,
११ डिसेंबर २००५

प्रिय राजनंदिनी,

पूर्ण नाव लिहिलं की आई रागावली आहे हे तुला लहानपणापासून कळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण माझं बोलणं अडचणीचं व्हायला लागलं की तुझ्याकडे नेमका आवाज तुटायला लागतो. कागदाचा आवाज तुटत नाही. शेवटपर्यंत वाच.

दिवाळीनंतर तू म्हणालीस, "आई, दिल्लीची जानेवारी तुला सोसायची नाही. तुझ्याकडे धड कोट तरी आहे का? त्यापेक्षा लग्न उरकलं की आम्ही दोघं हिंगोलीला येऊ." पोटच्या मुलीच्या लग्नाला येऊ नकोस हे इतक्या मऊ शब्दांत सांगता येतं, हे मला साठीच्या तोंडावर कळलं. तुझे बाबा गेले, आता आईबापांच्या जागी मीच एक आहे, आणि मीच यायचं नाही. चौतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं एवढंच मला येतं. प्रश्न कोटाचा होता. मी दुसऱ्या दिवशी कोट शोधायला निघाले.

आधी बाजारातलं मोठं दुकान. त्याला चार पायऱ्या. मी खाली रस्त्यावर, वर गादीवर मालक, मध्ये भिकाबाई. मालकाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला विचारलं, "यांना काय पाहिजे?" भिकाबाई गेली आठ वर्षं तांड्यावरून सकाळी सातला येते आणि माझी खुर्ची ढकलते, पण असल्या प्रश्नाला ती अजून सरावलेली नाही. म्हणाली, "मला काहून इचारून राहिले? त्यांले तोंड हाय की." मग तो माझ्याकडे वळला, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. माझे पाय गेले आहेत, कान नाहीत, हे त्याला सांगावं लागलं. लेडीज कोट म्हटल्यावर तो हसलाच. "हिंगोलीत कोण घालून राहिलं बाई, ते पिच्चरमधी." आणि बिनबाह्यांचा मातकट स्वेटर पुढे टाकला. वयस्कर बायकांसाठी खास, म्हणे. मी विचारलं, तुमच्या मिसेसना नेलात का एक? तर म्हणाला, ती अजून वयस्कर नाही. माझ्या वर्गात होती ती, १९७१ च्या बॅचला. वय मला चांगलं ठाऊक आहे.

तुला वाटेल, आई एवढ्याशा कोटासाठी हट्टाला पेटली. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आजोबांनी मला ठेवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. हिंदी तोडकं, इंग्रजी शून्य, डोक्याला खोबरेल तेल. मुली माझ्याशी बोलायच्या नाहीत, माझ्याबद्दल बोलायच्या. सिस्टर बर्नाडेटनी मला निळा ब्लेझर चढवला, कॉलर सरळ केली आणि सांगितलं की कोट थंडीसाठी नसतो, समोरच्याने तुझ्याकडे बघून बोलावं म्हणून असतो. त्यांचं बाकी पुष्कळ मी विसरले. हे विसरले नाही. म्हणून मला गुंडाळायला काहीतरी नको होतं. कोट हवा होता. कॉलरचा, अस्तराचा, अंगावर बसणारा, वाइनच्या रंगाचा.

तुझ्या उत्तममामाला सगळ्यात मोठं कोडं हेच. "अगं, शाल घे ना. एवढ्या शाली पडल्यात घरात." पडल्यात खऱ्याच. या देशात बाईचा मान करायचा तर शाल, दया करायची तर शाल, आणि तिला गप्प बसवायचं तरी शाल. तीन डिसेंबरला अपंग दिनाला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. अपंगांच्या कार्यक्रमाच्या स्टेजला पाच पायऱ्या, आणि रॅम्प? तो मंजूर आहे म्हणे. मग पाहुणे खाली आले, माझ्या नाकातोंडावरून शाल घातली, फोटो निघाला, आणि परतताना फाटकाच्या उतारावर तिचं टोक चाकात गेलं. चाक फिरेल तशी शाल गळ्याशी आवळत गेली. भिकाबाईने दाताने धागा तोडला म्हणून हे पत्र तुला मिळतं आहे. मामाला सांगितलं तर म्हणाला, "घट्ट खोचून घ्यायची." मामा पौषात लग्न नको म्हणून आधीच नाराज आहे, त्याच्याशी किती वाद घालायचा?

पण तो मनाचा वाईट नाही. गेल्या महिन्यात नांदेडला गेला तेव्हा माझ्यासाठी तयार कोट घेऊन आला. काळा, गुडघ्यापर्यंत, दुकानातल्या बाहुलीवर नक्कीच रुबाबदार दिसला असेल. बाहुली उभी असते. मी बसलेली; अंगात घातल्याबरोबर मागचं सगळं कापड माझ्याखाली उशीसारखं गोळा झालं, पुढचा भाग तंबूसारखा हनुवटीपर्यंत वर आला, पोटावरचं बटण तुटलं, आणि चाकाला हात घालायला वाकले तर बाह्या कोपराकडे पळाल्या. बाह्या खाली ओढल्या तर टायरवर घासल्या. डेपोपर्यंत जाऊन येईस्तोवर हिंगोलीचा निम्मा रस्ता कफवर आला होता. खिसे बाजूला, म्हणजे खुर्चीच्या हाताखाली दाबलेले. रुमाल काढायचा तर उठून उभं राहायला हवं. मामा म्हणाला, "पण तू बाहेर जातेस तरी कुठं एवढी?" कनेरगाव नाक्याला जीप उलटून पाय गेले, त्यानंतर सहा वर्षं मी रोज शाळेत जाऊन शिकवलं, रिटायर होईपर्यंत. तो एका वाक्यात ती सहा वर्षं पुसून मोकळा झाला.

मग मी जळबा टेलरला गाठलं. तुझे फ्रॉक तोच शिवायचा. तो आता चष्मा लावतो, बाकी तसाच. तो निदान पायऱ्या उतरून टेप घेऊन रस्त्यावर आला. नांदेडहून आणवलेलं कापड दाखवलं, जाड, वाइनच्या रंगाचं, तर बोटांनी चोळत राहिला. सगळं चांगलं चाललं होतं. मग म्हणाला, "बाई, जराशीक उभं ऱ्हा. मापापुरतं." मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो शरमला, पण मागे हटेना. "उभं ऱ्हायल्याबिगर माप कसं घ्यावं? तीस साल झाले, बसल्या मानसाचं माप म्या घेतलंच न्हाई." आणि मला न विचारता भिकाबाईला पुढे घेतलं. "हिचा अन् तुमचा बांधा बराबर एकच हाय."

आठ दिवसांनी कोट आला. सुंदर आला. भिकाबाईला. माझ्या अंगावर तीच गत, नांदेडची. मी काढून तिच्या अंगावर टाकला, तर ती जळबाच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली, आणि शप्पथ सांगते, कलेक्टर दिसत होती. आरसा मागायला लागली. "बाई, मले लई खुलून दिसतो, पर म्या हा घालून सरपनाला जाऊ का?" जळबा हसला, ती हसली, चहावाला हसला. मला हसू आलं नाही. एवढ्या मोठ्या गावात बसलेल्या बाईसाठी कपडा शिवायचा तर उभी बाई भाड्याने आणावी लागते, यात हसण्यासारखं काय आहे?

मी त्याला म्हटलं, जळबा, तू दिवसाचे किती तास उभा असतोस? म्हणाला, "म्या? म्या तं मशीनवर बसून ऱ्हातो." मग म्हटलं, जा, बस मशीनवर, आणि स्वतःच्या शर्टाकडे बघ. तो बसला. शर्ट मागून विजारीतून सुटलेला, पुढे पोटावर चुण्या, बाह्या वर चढलेल्या. तो खाली बघत राहिला. तीस वर्षं तो दुसऱ्यांना उभं करून कपडे बेतत होता आणि स्वतःच्या शर्टाला दिवसातून दहादा खोचत होता, आणि त्याच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. तो उतरला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पहिल्यापासून माप घ्यायला लागला. खांद्यापासून मांडीपर्यंत. मानेपासून बसणीपर्यंत. हात चाकावर ठेवायला लावून बाहीचं. वहीत त्याने वर लिहिलं, "बैठं माप", आणि खाली रेघ ओढली.

तोच कोट उसवून पुन्हा बेतायचं ठरलं, पण भांडण संपलं नाही. मागचा भाग आखूड ठेवायचा, बसणीपर्यंतच, कारण त्याखालचं कापड माझ्याखाली जातं. तर तो म्हणे, "लोक म्हनतील जळबानं कापड मारलं." शिंप्याला चोर म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, बिचारा आयुष्यभर त्या धाकात कापतो. शेवटी कापलेला तुकडा घडी करून वर पावती लावून तो मला परत देईल, असं ठरलं तेव्हा कात्री चालली. खांद्याच्या मागे त्याने दोन चुण्या ठेवल्या, चाक ढकलताना सुटतील अशा. मला सुचल्या नव्हत्या. खिसे छातीवर, बटणं मोठी, कारण थंडीत माझी बोटं आखडतात. कफ अरुंद, टायरला न लागणारे. आणि कॉलर, राजनंदिनी, कॉलर अशी की सिस्टर बर्नाडेटना सरळ करायला हात लावावा लागला नसता.

गुरुवारी तो कोट घालून मी नरसीला जाऊन आले. सकाळी साडेसहाला, बोचऱ्या वाऱ्यात, रिक्षाचा पडदा वर करून. देवळाबाहेर एका दुकानदाराने मला, भिकाबाईला नव्हे, मला विचारलं, "मॅडम, कुठून आलात?" मी हिंगोली म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, माझ्याकडे धड कोट आहे. सतरा जानेवारीची नांदेडहून दिल्लीची दोन तिकिटं काढली आहेत, माझं आणि भिकाबाईचं. पत्र इथेच संपलं असतं, आणि मी जिंकले असते.

पण शुक्रवारी दुपारी तुझ्या होणाऱ्या सासूबाईंचा, तरुणच्या आईचा फोन आला. मोकळी बाई आहे, मला आवडली. आधी विचारलं, "आपका बुखार उतर गया ना?" मेमधल्या साखरपुड्याला मी आले नाही तेव्हा तू त्यांना सांगितलेला ताप. तो सात महिन्यांत उतरलेला दिसत नाही. मग मिलनीचं सांगायला लागली. वरात दारात आली की दोन्हीकडच्या आया एकमेकींना हार घालतात, मिठी मारतात, आणि गंमत म्हणून उचलायला बघतात. "मैं तो आपको उठा ही लूँगी बहनजी, तैयारी से आना." तेव्हा मला कळलं की थंडीचा यात काहीच संबंध नव्हता. त्यांना खुर्ची माहीतच नाही. आणि मी काय केलं असेल? दुकानदाराला, मामाला, जळबाला, साऱ्या गावाला फाडून खाणारी तुझी आई हसली. "देखेंगे, कौन किसको उठाता है," म्हणाली आणि फोन ठेवला. मग तुझ्यावर तोंड सोडायचं म्हणून हे पत्र लिहायला बसले, आणि इतकं लिहून झाल्यावर, नको असताना, गेल्या फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली. त्यांनी घरच्यांचा फोटो मागितला होता. फोटोग्राफरने विचारलं, असाच घेऊ का. मीच भिकाबाईला सांगितलं, मला वेताच्या खुर्चीत उचलून बसव आणि ही चाकांची खुर्ची आत ने. तू दारात उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून तू बोलली नाहीस. मला भीती वाटली होती की माझ्यापायी तुझं मोडेल. म्हणजे खोटं माझं आहे. तू नुसतं पुढे चालवलंस, आणि मी तुला आईला लपवतेस म्हणून पानंच्या पानं दोष देत होते. आता ऐक. नाताळच्या दिवशी सकाळी अकराला मी तरुणच्या आईला, सभरवालबाईंना, फोन करून सगळं सांगणार आहे, फोटोसकट. त्याआधी तू सांगितलंस तर मला बरं वाटेल, पण मला थांब म्हणू नकोस. त्यांना राग आला तर तो माझ्यावर येऊ दे, आणि तरुण त्या वेळी काय म्हणतो ते नीट ऐक. ते तुला लग्नाआधीच कळलेलं बरं. भीती अजून वाटतेच, राजू. पण तू आधी बोललीस, तर त्यांना माझा एवढा निरोप दे: मिलनीला मी दारात आहे, आणि मला उचलायचं तर खुर्चीसकट उचलावं लागेल. खुर्ची एकोणीस किलोची आहे.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
आई