ऐकता ऐकता बोलणारी पेटी

जठारपेठ, अकोला
शुक्रवार, ता. २४ एप्रिल १९५९

तीर्थस्वरूप भगवंतराव भाऊजींच्या चरणी उद्धवचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही? माणिकताईचा खोकला अमरावतीच्या उन्हाने सुकला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून तसे समजावे. ऊन असे आहे की तांब्यातले पाणी पिण्याआधी फुंकावे लागते. भूगोलाचे एकशे चाळीस पेपर तपासायचे पडले आहेत, आणि 'मोसमी वारे कसे निर्माण होतात' याची उत्तरे वाचून मला स्वतःलाच आता ते कसे निर्माण होतात हे आठवेनासे झाले आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, होळीला आपण इथे आलात तेव्हा स्वहस्ते तयार केलेली, रेडिओला जोडायची एक पेटी मला देऊन गेलात. (होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी पेटी, आत दोन व्हॉल्व्ह, बाहेर एक गुंडी. अजूनही तिला औषधाचा वास येतो.) आपण तारखात्यात तीस वर्षे काढलेली असल्यामुळे मी एकही प्रश्न विचारला नाही. एवढेच विचारले, की हिला काही लायसन लागते का. आपण हसलात आणि म्हणालात, "अरे, रेडिओचं आहे ना तुझ्याकडे? मग झालं." भाऊजी, ते हसणे मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

पेटीची गरज का पडली हे आपण जाणताच. नागपूरच्या रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात आमच्या सौ. दुर्गेचे दहा मिनिटांचे भाषण ठरले होते. विषय, उन्हाळी वाळवणे. गुरुवारी, काल, दुपारी एक वाजता. आता अकोल्याला दुपारी नागपूर लागते म्हणजे काय लागते? कोणीतरी दूरवर पोहे भाजत आहे असा आवाज लागतो. सव्वीस वर्षे ही बाई माझ्यासमोर बोलते आहे आणि मी वर्तमानपत्रामागून हुं हुं करतो आहे, हे मी कबूल करतो. पण मंगळवारी गाडीत बसताना तिने खिडकीतून सांगितले, "बाकी कोणी नाही ऐकलं तरी चालते. तुम्ही मात्र ऐकजा." आणि गाडी सुटेपर्यंत दुसरीकडे पाहत राहिली. तेव्हा मी मनाशी ठरवले की काही झाले तरी ही दहा मिनिटे ऐकायची, हुं न करता.

आपली पेटी काम करते, याबद्दल तक्रार नाही. गुंडी पिरगाळली की नागपूर शेजारच्या खोलीत आल्यासारखे बोलू लागते. फक्त त्याच क्षणी समोरच्या खुशालरावांच्या रेडिओतून कोणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखी शिट्टी निघते, हे मला महिनाभर माहीत नव्हते. (शिट्टी मला ऐकू येई. मला वाटे, त्यांचा रेडिओच तसा आहे.) खुशालराव बाळापूरकडचे शेतकरी, कापसाचे भाव ऐकल्याशिवाय जेवत नाहीत. ते एकदा दारात येऊन म्हणालेही, "मास्तर, तुमी संध्याकाळी काय करून राहिले घरात? माह्या रेडिओत भूत शिरते." मी त्यांना हवामानाचे चार शब्द सांगितले. ते मान डोलावून गेले आणि त्यांनी सरकारला अर्ज केला.

सरकारकडे मी स्वतः माझ्या वेतनश्रेणीसाठी सहा वर्षांत अकरा अर्ज केले आहेत, म्हणून मला अर्जाची भीती नव्हती. परंतु या अर्जावर सरकार तिसऱ्या आठवड्यात आले. तेही काल दुपारी पाऊण वाजता.

मी रेडिओसमोर पाट मांडून, पंखा बंद करून (तो खरखरतो) घामाने चिंब बसलो होतो. गुंडी बारालाच पिरगाळून ठेवली होती, नागपूर स्वच्छ लागले होते, आणि दारावर थाप पडली. बाहेर वायरलेसचे तपासनीस साहेब. गळ्यात चामडी पट्ट्याने अडकवलेले यंत्र, त्यावर तारेचे एक मोठे कडे. ते कडे फिरवत फिरवत ते स्टेशनपासून उन्हातून पायी आले होते आणि कडे माझ्या दारासमोर थांबले होते. माणूस सज्जन, माझ्याइतकाच थकलेला. आधी पाणी मागितले, मग लायसन.

लायसनचे पुस्तक कपाटात, कपाटाची किल्ली दुर्गेच्या कमरेला, आणि कमर नागपूरला. ते म्हणाले, ठीक आहे, ते नंतर दाखवा. मग त्यांनी पेटीकडे पाहिले, वास घेतला आणि विचारले, "मास्तर, हे ऐकते की बोलते?"

मी म्हणालो, ऐकते.

"मग समोरच्या घरी बोलतं कोण?"

पुढे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. नुसते ऐकणाऱ्या यंत्राला एक लायसन, बोलणाऱ्याला दुसरे, आणि आपली पेटी ही ऐकता ऐकता स्वतःच्याही लहरी बाहेर सोडणारी, म्हणजे बोलणारी असल्यामुळे तिला कोणते लायसन द्यावे याचा फॉर्मच निघालेला नाही. सबब ती विनापरवाना प्रक्षेपण केंद्र ठरते. भाऊजी, मी, उद्धव, भूगोलाचा शिक्षक, काल पाऊण तास एक प्रक्षेपण केंद्र होतो.

मी हात जोडले. म्हणालो, साहेब, एक वाजता घरच्यांचे भाषण आहे, सव्वा वाजता मलाही पकडून न्या. त्यांना वाईट वाटले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. पण ते म्हणाले, "चालू स्थितीत पाहिल्यावर मी ती चालू ठेवली, तर गुन्ह्यात मीही आलो." आणि तारा काढल्या. नागपूर गेले, पोहे सुरू झाले. मग पंचनामा. दोन पंच रस्त्यावरून धरून आणावे लागले, त्यातल्या एकाला 'व्हॉल्व्ह' लिहिता येईना म्हणून त्याने 'दिवा' लिहिले. मग लाख वितळवायची तर मेणबत्तीही कपाटातच. शेवटी चूल पेटवली. सील बसले तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. साहेब जाताना म्हणाले, "वहिनींना सांगा, फार इच्छा होती ऐकायची." मी रिकाम्या रेडिओला कान लावून बराच वेळ तसाच बसलो. इतके ऐकावेसे मला कधी वाटले नव्हते.

आता मी थकलो आहे. दंड होईल की समज मिळेल ते कळायचे आहे. लोभ आहेच, त्यात या पेटीमुळे फारशी वाढ झाली नाही इतकेच. माणिकताईला नमस्कार.

आपला,
उद्धव

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. काल तीन वाजता मी नागपूरला दुर्गेला तार केली : 'आवाज खणखणीत. सर्व ऐकले. अभिमान.' ती मंगळवारी येते आहे आणि आल्याबरोबर विचारणार. अमरावतीला नागपूर बरे लागते, ताईने नक्की ऐकले असेल. तरी दुर्गेने सुरुवात काय केली, शेवट काय केला आणि मधे कुठे हसली का, एवढे उलट टपाली कळवावे. पत्ता शाळेचा घालावा.

दुसरे ता. क. आत्ताच खुशालराव येऊन गेले. अर्जाचे त्यांना फार लागले आहे. म्हणाले, "वैनी काय झकास बोलल्या हो! कुरोड्याचं ऐकून तोंडाले पानी सुटलं." अख्ख्या गल्लीने ऐकले म्हणतात. नवऱ्याने तेवढे ऐकले नाही. पाकिटावर लावायला तिकीट नाही, ते आणायला जातो.

भाऊजींना दुर्गेचा नमस्कार. मी आजच्या पॅसेंजरने आले. हे तिकिटाला गेले आहेत, पत्र टेबलावर उघडे होते, वाचले. ताईंना विचारू नका, त्यांनी काल बासरीची रेकॉर्ड ऐकली असेल. मी बोललेच नाही. त्या बंद खोलीत तो माईक पुढे आला, लाल दिवा लागला आणि माझी दातखीळ बसली. कार्यक्रमाच्या बाई चांगल्या, त्यांनी पाणी दिले, रेकॉर्ड लावली आणि पुढचा गुरुवार दिला. मी रडत भावाच्या घरी आले तर यांची तार! हसून हसून पोट दुखले, म्हणून लवकर आले. यांना मी काही बोलणार नाही, खुशालरावांनाही नाही; हे परत येण्याआधी पाकीटही चिकटवून ठेवते. तुम्ही एक करा. बुधवारी यांना काहीतरी निमित्ताने अमरावतीला बोलवून घ्या आणि गुरुवारी एक वाजता तुमच्या रेडिओपुढे बसवा. हातात वर्तमानपत्रही द्या. हे समोर बसून हुं हुं करत आहेत असे समजले, की मला बोलायला काही भीती वाटत नाही.